बाबांच्या खोलीतली बाई

प्रिय छकुले,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पण फोनवर बोलले तर तुझ्या बाबांना ऐकू जाईल, आणि विषय त्यांचाच आहे. माझ्यापासून लपवून त्यांचं काहीतरी चाललं होतं.

दुपारचं जेवण झालं की रंगाच्या खोलीत जायचं आणि आतून कडी लावायची. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला कडी कशाला लागते गं? आजवर टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं उठायचं म्हणून मी दार लोटून घ्यायची, तर म्हणायचे, उघडं राहू दे, वारा येतो. आता वारा नको, बायकोही नको, मोबाइल मात्र हवा. ज्याला इतकी वर्षं ब्याद म्हणाले तो शर्टाच्या खिशात, छातीशी. मी नुसती जवळ गेले तरी यांचा हात खिशावर.

मग एकदा मी दाराला कान लावला. लाज कसली, माझंच घर आहे. आत बाईचा आवाज! गोड, इंग्रजी. शब्द कळत नव्हता, सूर कळत होता. ती काहीतरी म्हणायची, मग हे तेच म्हणायचे, हळू, लाडात आल्यासारखे. परत ती, परत हे. मी एक गोष्ट दोनदा सांगितली तर या माणसाच्या कपाळाला आठी पडते! शेजारणीच्या कानावर घातलं तर तिला आयतंच सापडलं. याच वयात पुरुषांना जपावं लागतं, म्हणाली. त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

यांचं इंग्रजी तुला ठाऊकच आहे. अक्षर छापल्यासारखं काढतील, पण रंगवताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची सवय. वाचतानाही एकाला सोडणार नाहीत, इंग्रजीत मुकी राहणारी अक्षरंसुद्धा म्हणणार. रंग सगळ्यांना लागला, मग आवाजही सगळ्यांना हवा, असा यांचा न्याय. जावईबापू पहिल्यांदा घरी आले, तेव्हा त्यांचं ते परमुलखातलं नाव यांनी असंच अक्षर न् अक्षर म्हटलं, आणि तू खदखदून हसलीस. जावईबापूंसमोर. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण हे भरल्या ताटावरून उठले आणि तेव्हापासून ते नाव या घरात निघालं नाही. मी जावईबापू म्हणून सुटले, हे नुसतं 'तो' म्हणतात. लग्नाला आले नाहीत. तिला यायचं तर एकटीने यावं, हे पालुपद. आणि तूही त्यांचीच लेक, आलीच नाहीस.

काल मात्र मला राहवेना. दार धडाधडा वाजवलं. कडी निघाली. टेबलावर मोबाइल, त्यात ती बाई. बाई कसली, यंत्र! नाव लिहून बोट दाबलं की ते कसं म्हणायचं ते सांगतं. शेजारी पत्र्याचा तुकडा, त्यावर जावईबापूंचं नाव आपल्या मराठी अक्षरांत रंगवलेलं, खरवडलेलं, पुन्हा रंगवलेलं. तुझे बाबा चोरी पकडल्यासारखे ब्रश पुसत बसले. चहा टाक, एवढंच म्हणाले. मी चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून रडले.

म्हणून लिहितेय. ते स्वतःहून बोलावणार नाहीत, त्यांचा ताठा तू जाणतेस. तुम्ही दोघं या. दार तेच उघडतील. तू मध्ये तोंड घालू नकोस, आधी त्यांना बोलू दे. नावाचा शेवट अजून जरा घसरतो. जावईबापूंना सांग, दुरुस्त करू नका. आज खोलीचं दार उघडंच होतं. ती म्हणाली, हे म्हणाले, आणि भाजी निवडता निवडता मीही हळूच म्हणून पाहिलं. मला पहिल्या फटक्यात जमलं. पण हे त्यांना कळू देऊ नकोस, तुम्ही आलात की आधी त्यांचं होऊ दे, मग मी म्हणेन.

वाट पाहणारी, तुझीच
आई