ऑस्टिनची पेटी अन् पुढची सीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

पयले आली ते शेजारची जैनबबी. तिच्या मांगून तिचे मालक गफ्फारभाई, अन् त्यायच्या मांगून राजापेठेतल्या बाया. पोर्चातल्या ऑस्टिनवरची ताडपत्री काढली, हे जैनबबीनं दुधाच्या दुकानात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. बाया आल्या, चहा पेल्या, गाडीले हात लावला अन् माह्याच सोफ्याले हात पुसला. शी. मी काही बोलली नाई. या महिन्यापासून मी कमी बोलणार आहे.

गोष्ट अशी. गाडी माह्या सासऱ्याची. अकोल्याले जुन्या गाड्यायची मिरवणूक आहे, रविवारी २३ तारखेले. आमचे हे, म्हणजे खुशालराव (वहीत नाव घेतलं तं चालते), यायनं नाव दिलं. क्लबवाले म्हणाले, गाडी त्या काळची, तं सामानही त्या काळचंच लावा. मांगच्या लोखंडी जाळीवर पेटी, पेटीले चामड्याचे पट्टे, पुढं पाण्याची छागल. घरी येऊन पाहू, पसंत पडलं तं घेऊ.

सामानाचं मी पाहीन, असं मी जाहीर केलं. या घरात त्या काळची मीच एक आहे.

अन् माही एक अट. लग्न होऊन मूर्तिजापूरवरून मी याच गाडीत आली. मांगं बसली. पुढं सासूबाई. त्यायच्यानंतर नणंद, मंग पोरं, एकदा तं पोरायचे ड्रॉइंगचे सर. मी आजपावेतो पुढं बसली नाई. अकोल्याले मी पुढं बसणार. यायले सांगतलं. हे हो म्हणाले. ऐकाची मशीन कानात होती का, ते पाहाचं राह्यलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नात आचल हिनं फोनवर विलायतेच्या गाड्या दाखवल्या. मांगं वेताची टोपली, टोपलीत बशा, काटे, दारूचे ग्लास. रस्त्याच्या कडेले बसून खातेत अन् त्याच उष्ट्या बशा टोपलीत भरून घरी नेतेत. दिवसभर अन्न गेलं नाई. दोन भाकरी खाल्ल्या, पण चवीनं नाई.

टोपली कॅन्सल.

आचल म्हणते, आजी, ती स्टाइल आहे. मी म्हटलं, तुह्या खोलीत पलंगाखाली उष्टी बशी आहे, तीही स्टाइलच का. पोट्टी फोन घेऊन खोलीत गेली. शांतता चांगली वाटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माळ्यावरून छागल काढली. जाड कापडाची, बाहेर टांगली का पाणी माठापेक्षा गार. भरून बंपरले लटकवली. थेंब थेंब गळते. गळलीच पाहिजे, त्याच्यानंच गार होते. हे यायले समजावून सांगतलं. यायनं ग्लासभर पेलं अन् म्हणाले, पालीचा वास येते. मी म्हटलं, पालीचा वास तुमाले कसा माहीत. मंग मी छागलचं तोंड उघडून आत पाह्यलं. ते काय होतं हे मी इथं लिहिणार नाई. यायलेही सांगतलं नाई.

गफ्फारभाईनं पट्टे आणले. मोटारसायकलच्या सीटचं लाल रेक्झिन. चमकून राहिलं होतं. मी नाकच मुरडलं. म्हटलं, भाईजान, ही गाडी होय का बँडवाल्याची टोपी. ते रागानं गेले अन् संध्याकाळी खरं चामडं घेऊन आले. पोर्चात टांगलं. असा वास, का समोरच्या ट्युशनवाल्यायनं खिडक्या लावून घेतल्या. पोट्ट्यायचा अभ्यास बुडाला म्हणते त्यायची मॅडम. खिडक्या उघड्या होत्या तवा कोणता होत होता.

ठरवलं, चामड्याले आपण हात लावायचा नाई. नाकाले ओढणी बांधून तेल मात्र मीच लावलं. लोकायचं काम मले पाहावत नाई.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पेटी भेटली. जैनबबीची, तिच्या लग्नातली. हिरवी, वरतं गुलाबाची फुलं अन् दोन पोपट. यायचं म्हणणं तपकिरी सुटकेस पाहिजे. सुटकेस तं औषध विकणाऱ्यापाशीही असते.

जैनबबीनं पेटी झटकली, फडक्यानं पुसली अन् मले म्हणाली, "भाभी, ले जाव. पर खाली मत भेजना. भरी हुई आई थी मेरे साथ."

ते का मले सांगा लागते. आमच्यातही रिकामी पेटी उंबऱ्याबाहेर काढत नाई. पोरगी सासरी जाते तं पेटीत काही ना काही जातेच. रिकामी पेटी घेऊन गाव फिरणं म्हणजे माहेरानं हाकलून देल्यावानी.

हे म्हणाले, क्लबवाल्यायनं रिकामीच सांगतली, जाळी जुनी आहे, वजन झेपणार नाई. तुले शपथ आहे. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात काय जाते.

ठरलं. मूठभर साखर. बस.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साखर पुडीत ठेवली तं मुंग्या. म्हणून डब्यात. डबा पेटीत एकलाच, खडखड वाजे. म्हणून बाजूनं कुरड्या भरल्या. कुरड्या मोडतीन म्हणून खाली गोधडी. मंग एकाच बाजूले भार झाला, म्हणून दुसरीकडे गुळाची ढेप. मधात खड्डा राह्यला, तिथं लोणच्याची बरणी बरोब्बर बसली. वरतं पापड, कारण पापडाले काही वजनच नसते.

एवढं झालं तरी मी म्हणीन, थोडक्यात आवरलं. कुलूप घातलं. चाबी कमरेले.

गफ्फारभाई अन् हे दोघं पेटी जाळीवर चढवताना लाल झाले. मले म्हणाले, आत काय आहे. मी म्हटलं, त्या काळचं लोखंड होय. खोटं काहीच नाई, पेटी लोखंडाचीच आहे.

जांभळं लुगडं इस्त्री करून ठेवलं. पुढच्या सीटवर खुलून दिसीन.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

क्लबवाले आले. देवमन साहेब, पांढरी पँट, अन् त्यायची बायको सीमा मॅडम, काळा चष्मा. चष्मा घरातही काढला नाई. चहात साखर नको म्हणे. मंग चहा पेता कायले.

पोपट पाहून साहेब खूश. फोटो काढले. म्हणाले, असलं काम आता कुठी पाहाले भेटते, फक्त एक चक्कर मारून दाखवा. मी लुगड्याचा पदर सावरून पुढच्या दरवाज्यापाशी गेली. तं सीमा मॅडम आधीच बसेल. पुढं. पाय लांब करून.

यायच्याकडे पाह्यलं. यायनं आरशात पाह्यलं.

साहेब मांगं बसले. मी म्हटलं, मी पायी येते, मले चालाले सांगतलं डॉक्टरनं. कोण्याच डॉक्टरनं सांगतलं नाई.

संध्याकाळ

लिहाची इच्छा नाई. पण लिहून ठेवते.

गाडी ट्युशनपाशी स्पीडब्रेकरवर चढली अन् उतरली. जाळी उतरलीच नाई, ते वाकली. पट्टा तुटला. (वासाचं चामडं. मी म्हटलंच होतं.) पेटी रस्त्यावर पडली अन् कुलपाची कडी तुटून उघडली. कुरड्यायवरून दोन स्कुट्या गेल्या. गुळाची ढेप गडगडत पानठेल्यापावेतो. साहेब उतरून पेटी उचलाले गेले अन् लोणच्याचं तेल पांढऱ्या पँटवर, कमरेपासून खालपर्यंत. पाहवत नव्हतं. ट्युशनची पोट्टी पापड वेचून तिथंच खात होती, धूळ न झटकता. किळस आली मले.

हे निस्ते वाकलेल्या जाळीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "रिकामी सांगतली होती ना वं."

मी म्हटलं, "रिकामी पेटी घेऊन मी गावभर फिरू का? लोक काय म्हणतीन?"

लोक पाहतच होते.

पेटी घरी आणाची कशी, सगळे विचार करत होते. मीच डोकं चालवलं. मॅडमले उतरवलं अन् पेटी पुढच्या सीटवर ठेवाले सांगतलं. त्यायले उतरावंच लागलं. तेवढं एक बरं झालं.

साहेब म्हणाले, जाळी चार दिवसात सरळ होणार नाई, यंदा राहू द्या, पुढल्या वर्षी पाहू. पुढल्या वर्षी, म्हणजे नंबर पक्काच समजा. मॅडमनं एक कुरडई उन्हाकडे धरून पाह्यली अन् म्हणाल्या, घरच्या का? चेहऱ्यावरून लयच इम्प्रेस दिसल्या.

दिवे लागल्यावर हे पोर्चात जाऊन गाडीत बसले. स्टेअरिंगवर हात ठेवून, गाडी बंद. मी म्हटलं, चला, इथंच बसू घडीभर. जांभळं लुगडं होतंच अंगावर. पुढचा दरवाजा उघडला. सीट लोणच्याच्या तेलानं चिप्प. मोहरी, हिंग, फोडी, सगळं शिवणीत घुसेल. माह्याच हातचं लोणचं, तरी मले शिसारी आली. हे म्हणाले, लुगडं खराब होईन.

मी मांगं बसली.

मिरवणूक रविवारी, आमच्यावाचून. मॅडमले कुरड्या पाहिजेत, ते दोघं सोमवारी येतो म्हणाले.