दोन दारांच्या मधली खोली

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी कधी एक ओळ लिहिली नाही. लिहून धाडायची तरी कुठे? पण आज शेजारच्या गुरुजींनी ओट्यावर पेपर वाचून दाखवला आणि राहवेना. रशियाचा एक माणूस म्हणे यानातून बाहेर पडला, पोकळीत तरंगला आणि जिवंत परत आत गेला!

"दार उघडल्यावर यानातली हवा नाही का निघून जाणार?" कुणीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, यानाला एक छोटी खोली जोडलेली होती, दोन दारांची. तो खोलीत शिरला, आतलं दार बंद झालं, खोलीतली हवा सोडली, मगच बाहेरचं दार उघडलं. परतताना सगळं उलट. दोन्ही दारं एकदम कधीच उघडायची नाहीत.

मी तोंडात पदर कोंबून घरात आले. तुमचीच खोली ती! तापीवरच्या पुलाचा पाया खणताना नदीत उतरवलेल्या विहिरीत दाबाची हवा भरून पाणी अडवायचे, आणि तुम्ही तळाशी गाळ उपसायचात. वर येताना तशाच दोन दारांच्या लोखंडी खोलीत बसायचं, दाब हळूहळू उतरेपर्यंत; एकदम उतरला तर अंगात हवेचे बुडबुडे होऊन माणूस जातो म्हणे. "कोंबडीसारखं डालून ठेवतात," म्हणायचात. किती हसायचे मी!

सुमन झाल्याचा निरोप खाली पोचला तेव्हा तुम्ही खोलीत आलात आणि आतून पत्रा ठोकत ओरडलात. बाहेर हवेच्या नळावर बसणाऱ्या नानाने मला नंतर सांगितलं.

"नळ पुरा खोल रे नाना! मन्ही पोर वाट देखी ऱ्हायनी!"

"दम धर भाऊ, हवा उतरी ऱ्हायनी."

तुम्ही ठोकतच राहिलात. शेवटी त्याने नळ पुरा सोडला.

धावत आलात. तिला उचललंत, तिचं कपाळ हुंगलंत. दिवेलागणीला गुडघे धरून बसलात. मग पाय हलेनात, मग श्वास पुरेना. गाडी शहाद्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

तो यानातला माणूस एवढ्या लांब जाऊनही त्या खोलीत थांबला. तुम्हाला का नाही हो थांबता आलं? पोर काय पळून जाणार होती?

सासूबाई तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. काल आंघोळ घालताना तिने विचारलं, "माय, मन्हा पाय पांढरा शेतस का?" मी नुसती तिचे पाय घासत राहिले.

एवढाच शब्द देते. तुम्ही कुणासाठी घाई केलीत, हे तिला माझ्या तोंडून कधी कळणार नाही. नानालाही शपथ घातली आहे. याहून जास्त काही माझ्याने होईल असं वाटत नाही.

तुमची,
जमना