काकवीच्या पिंपातलं भाषण

मुक्काम ड्रेकफर्ड, न्यू हॅम्पशायर
मार्च १७९६

तीर्थरूप एलिफलेट काकांच्या चरणी जोथम क्विम्बीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, फार बरं वाटलं. काकूंचे दातही ठीक असतील (जेवढे उरलेत तेवढे).

इकडे मी राज्याच्या विधानसभेसाठी गावातून उभा राहिलो. वकिलाने राजकारणात पडावं, असं तुम्हीच म्हणाला होतात. पडलो, पण आधी काकवीच्या पिंपात. त्याचं असं झालं की गावसभेच्या दिवशी (हात वर करून मतदान तिथेच होतं) मतदार सभेआधी टटलबाईंच्या दुकानापुढे जमले होते. माझी उंची तुम्हाला ठाऊकच आहे (देवाने हात आखडता घेतला), म्हणून मी दारातल्या पिंपावर चढलो आणि स्वातंत्र्यावर बोलू लागलो. 'आपण राजाला हाकललं' इथपर्यंत आलो, जोरात पाय आपटला आणि झाकण फुटलं. थंडीने काकवी घट्ट झालेली, त्यामुळे एकदम बुडालो नाही. भाषण जसजसं वर चढत गेलं तसतसा मी सावकाश खाली जात राहिलो. लोकांना वाटलं, वकिलांची ही काहीतरी नवी रीत असेल. कमरेपर्यंत गेल्यावर मात्र टटलबाई ओरडल्या, "अहो वकीलसाहेब, स्वातंत्र्य मिळालं ना? मग या की आता बाहेर!"

येता येईना. चौघांनी ओढलं, तर माझ्याबरोबर पिंपही उचललं जायला लागलं. पिंप फोडावं, तर बाई आडव्या. शेवटी तिथेच खटला उभा राहिला (मीही उभाच होतो), आणि न्यायाधीश कोण? तर निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभे असलेले ओबेद स्वेझी! काका, मी पिंपातूनच तासभर युक्तिवाद केला: झाकण कुजकं होतं, दोष दुकानाचा. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं (हसून आलं, पण आलं). स्वेझी म्हणाले, "निकाल तुझ्या बाजूने देतो, जोथम. फक्त आता गप्प बस." आयुष्यातला पहिला खटला जिंकलो, काका! मग पिंप फोडलं, आणि मी तसाच निथळत, चिकट पावलं टाकत सभेत गेलो. तिथे तुमच्या पुतण्याला गावाने एकमताने निवडून दिलं! खुद्द स्वेझींनी दोन्ही हात वर केले.

तुमचा आज्ञाधारक,
जोथम

ता.क. विधानसभेवर स्वेझी गेले. मला एकमताने मिळालेलं पद जरा वेगळं आहे: गावातली मोकाट डुकरं पकडायचं. आईला इतक्या तपशिलात सांगू नये.

ता.क. दुसरा: कालच एका डुकरिणीने मला ओढ्यापर्यंत पळवलं (मी तिला नव्हे). तेव्हा तुमचा तो चावरा कुत्रा वर्षभरासाठी पाठवाल का? खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तो कोणाचं ऐकत नाही असं काकू म्हणतात. चालेल. माझंही इथे कोणी ऐकत नाही, आमचं जमेल.