सात पानांचा गुलाब

प्रिय आत्या,

आज सकाळी कलमाच्या डोळ्याचा देठ गळाला. नुसतं बोट लावलं आणि गळून पडला, तू सांगायचीस अगदी तसा. चिकटून तिथंच वाळला असता तर डोळा मेला म्हणायचं, गळाला म्हणजे लागला. पाचातले तीन डोळे लागले गं! ह्यांना सांगितलं तर "बरं झालं" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. ही बातमी कळणारं माणूस एकच होतं, म्हणून तुलाच लिहितेय.

कुठल्या गुलाबाचे डोळे, विचार की! तुझ्या काळ्या गुलाबाचे. आप्पाकाकाच्या बागेतून आणले, त्याच्या देखत, त्याच्याच कात्रीनं. हो, मी आता त्याला अरेतुरेच करणार. निदान या पत्रात तरी.

भांड्यांच्या दुकानाशेजारचा तो बोळ आठवतो? शाळेचं दप्तर डोक्यावर धरून मी आडवी चालत यायची. पुढं पत्र्याचं दार, आणि दार ढकललं की एकदम हिरवं! पेठेतल्या रिक्षांचे भोंगे मागं राहायचे. आडाच्या कठड्यावर मधुमालती, कोपऱ्यात पारिजात, मधोमध तुझा काळपट तांबडा गुलाब. तू सासरहून परत आलीस तेव्हा धाकट्या भावानं, याच आप्पाकाकानं, तुला एक खोली दिली आणि मागची ती खापऱ्यांनी भरलेली जागा. ती माती तू चाळणीनं चाळलीस. तीस वर्षं तिथं राबलीस. आणि बाग कुणाची झाली?

मी चौथीत असताना तू मला पानं मोजायला शिकवलंस. "पाच पानं आपली, सात पानं खुंटाची," म्हणायचीस. "खुंट म्हंजी कलमाखालचं झाड, रानटी असतोय बघ. जोर लई दाखवतोय, पर फूल देत न्हाई. खालनं फुटला की लगेच काढायचा, न्हाईतर वरचा गुलाब उपाशी मरतोय." मी रोज मोजायची. चुकले की टपली मारायचीस.

मग आम्ही कबनूरला राहायला गेलो, आणि तुझे गुडघे धरले. "आक्का, दोन महिने कबनूरला जाऊन इश्रांती घे की," काका म्हणाला, आणि तू भोळेपणानं आमच्याकडं आलीस. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं. दसरा सरला, छाटणीचे दिवस आले, तू एसटीडी बूथवरून त्याला फोन केलास. मी शेजारी उभी होते. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "किल्लीच गावंना बघ, आक्का. गावली की कळवतो."

चार वर्षं किल्ली गावली नाही!

कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी भाजीवालीशी भांडणारी तू, तिथं का गप्प बसलीस? याचा राग मला अजून आहे, तुझ्यावरसुद्धा. "भाऊ हाय त्यो," एवढंच म्हणायचीस. आणि आमच्या दारात, यंत्रमागांच्या खडखडाटात, तेलाच्या पाच डब्यांत नुसते खुंट लावून ठेवलेस. बागेतली एक काडी मिळाली की तिचे डोळे त्यांच्यावर भरून कलम करायचं म्हणून. दरवर्षी छाटायचीस, दरवर्षी वाट बघायचीस. पानांवर बसलेली कापसाची पिंज फडक्यानं पुसायचीस.

शेवटच्या आठवड्यात तू देवाचं नाव घेतलं नाहीस. मला विचारलंस, "खालचं फुटवं काढतोय का गं त्यो?" मी म्हटलं, काढतो. मला काय माहीत होतं? तू गेल्यावर ते पाचही डबे मी सासरी जयसिंगपूरला घेऊन आले.

नंतर पेपरात त्याचा फोटो आला. शहरातल्या छोट्या बागांच्या स्पर्धेत पहिला नंबर! खाली त्याचं बोलणं, की ही बाग म्हणजे त्याच्या आयुष्यभराची तपश्चर्या. रविवारी सगळ्यांना बघायला खुली. मग काय, गेले मी.

बोळाच्या तोंडाशी तो पांढरी टोपी घालून उभा होता. "पावणं, चपला भाईर काढा!" मला बघून क्षणभर गडबडला, मग मोठ्यानं म्हणाला, "ये की गं शैला! बघ तुझ्या काकाची बाग!" तुझं नाव नाही. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आत सगळं तसंच होतं, आत्या. पारिजाताखाली फुलं वेचायची तुझी पाटीसुद्धा होती. आणि मधोमध गुलाब, पुरुषभर उंच, हिरवागार. "कसा जोर धरलाय बघा!" तो चारचौघांना सांगत होता. "पुढच्या वर्षी परीक्षकांना ह्योच दाखवणार हाय. फुलं तेवढी येईनात, पर येतील की." मी जवळ जाऊन पानं मोजली. सात. दुसरी फांदी, सात. तिसरी, सात. खुंटाला खतपाणी घालून त्यानं चार वर्षं राक्षस पोसला होता! तुझा गुलाब बुडाशी एका काडीवर आला होता. कशीबशी जिवंत, पाच-पाच पानांची.

"ती मुडदुशी काडी काढणारच हाय मी," तो म्हणाला. "उगंच जोर खातीया."

एक शब्द, आत्या. एका शब्दात त्याची चूक सांगता आली असती. तू सांगितली असतीस.

मी म्हटलं, "काढायलाच पाहिजे, काका. द्या कात्री, तुम्ही कशाला वाकताय?"

त्यानं दिली! वर "पोरगी गुणाची हाय" असं पाव्हण्यांना सांगितलं. तू डोळा भरून केलेला तो सांधा बोटांना लागला. तुझ्या हातचं काम होतं ते. तरी सांध्याच्या खालून कापलं, परत फुटायला जागाच ठेवली नाही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. काडी ओल्या रुमालात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. त्याच संध्याकाळी तुझ्या पाचही खुंटांवर डोळे भरले.

आता तो खत घालत बसेल. परीक्षक येतील, आणि त्यांच्यासमोर त्याचा राक्षस फुललाच तर बारीक पांढरी रानफुलं दाखवेल. मग तो मला शोधत येईल. येणारच, कारण काळा गुलाब आता दुसरीकडं कुठं नाही.

तू असतीस तर त्याला काडी दिली असतीस, ओल्या फडक्यात बांधून. म्हणून तुझी परवानगी मागत नाही, फक्त वचन देते. तो दारात आला की पाट मांडीन, चहा करीन, पोहे करीन, पाहुण्याचं सगळं करीन. परसदाराला कालच कुलूप आणलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. गुलाब बघायला तो उठला की मी म्हणेन, "किल्लीच गावंना बघा, काका. गावली की कळवते."

तुझीच,
शैला