गच्चीवरचे तीन फूट

मंगळ. २७ जाने.
दुरुस्ती. काल लिहिलं की मुक्तानं तीन फुटांवरून दहांपैकी सात चेंडू घातले. खोटं आहे. नऊ घातले. मोजताना चूक झाली नव्हती, लिहिताना केली. अप्पांचा गुडघा जिना चढू देत नाही, म्हणून ते गच्चीखालच्या खोलीत खुर्ची टाकून ऐकतात. आडव्या ठेवलेल्या पितळी टंबलरात चेंडू गेला की टण. आज कॉफी पिताना म्हणाले, "नऊ. काल नऊ टण वाजले. आठवडाभरात शिकली." मला इतक्या वर्षांत "परत" याखेरीज काही म्हणालेले नाहीत.

बुध. २८
ठरलं. रवि. ८ फेब्रु.ला तिरुनागेश्वरम् रस्त्यावरच्या हॉटेलामागे गोल्फची छोटी हिरवळ आहे, तिथे दोघींची परीक्षा. दहा-दहा चेंडू, तीन फूट. अप्पा रिक्षाने येणार, समोर बसून बघणार. जास्त घालेल ती कोइंबतूरच्या सामन्याला जाईल, अप्पांचा पटर, चेंडू हलकेच ढकलायची काठी, घेऊन. मग पटर तिचाच. डोंगरावरच्या क्लबात अप्पा गवत राखायचे तेव्हाचा तो. नऊ वर्षांची होते तेव्हापासून रोज पुसून मीच ठेवते.
मुक्ताला विचारलं तर म्हणाली, मजा येईल.
मजा.

शुक्र. ३०
माझे सहा. कारण माहीत आहे. टण ऐकू येईपर्यंत मान वर करायची नाही, हा अप्पांचा पहिला धडा. मी मान वर करते. मुक्ता जिन्यात आली का, बघते.
काकांची मुलगी, पुण्यात वाढलेली. अक्का न म्हणता ताई म्हणते. आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीला हसते. अप्पा तिला हसवायला मुद्दाम जुने जुने शब्द काढतात. मी ते कधी ऐकले नव्हते. माझ्यासाठी का काढले नाहीत?

रवि. १ फेब्रु.
लिहू नये असं वाटतं, म्हणून लिहिते.
गच्ची सपाट नाही. पावसाचं पाणी जायला पन्हाळीकडे उतार दिलेला आहे. डोळ्याला दिसत नाही, चेंडूला कळतो. अप्पांनी मला उताराच्या रेषेतच उभं केलं होतं, पन्हाळीकडे तोंड करून. आडवं खेळलीस तर हात वाकडं शिकेल, म्हणाले होते.
मुक्ता आली त्या दिवशी तिने विचारलं, मी कुठे खेळू? मी आडवी जागा दाखवली. इथे ऊन डोळ्यावर येत नाही, म्हटलं. येत नाहीच. नेम धरायला दोन खिळ्यांत तिचा दोराही मीच ताणून दिला, तिरुभुवनम्‌च्या विणकरांकडचा रेशमी. चेंडू त्या दोऱ्यावरून उजवीकडे सरकतो. आता ती दोन बोटं डावीकडे मारते आणि घालते. खालून ऐकणाऱ्याला सगळे टण सारखेच.

मंगळ. ३
ती देवळात गेली होती तेव्हा तिच्या जागेवर खेळून पाहिलं. डावीकडे मारल्याशिवाय जात नाही. म्हणजे सपाट हिरवळीवर ती डावीकडेच चुकेल, दहाही वेळा. उतार किती आहे ते बघायचं होतं, एवढंच, असं स्वतःला सांगितलं होतं. नव्हतं एवढंच.
संध्याकाळी तीच म्हणाली, "ताई, माझा हातच उजवीकडे जातो गं. तुझा कसा सरळ जातो?"
"सवयीने."
मग माझा एक चुकला, तर म्हणाली टंबलर हलला असेल. तिला माझा हेवा वाटत नाही. याचाही राग आला.

बुध. ४
खेळले नाही. पाळीचं कारण सांगितलं. तेही खोटं. या आठवड्यात किती

गुरु. ५
आज दहा. दहाच्या दहा, पहिल्यांदाच. मान एकदाही वर केली नाही.
खालून अप्पा म्हणाले, "कोण? मुक्ता?"
ती जिन्यातून ओरडली, "नाही हो काका, ताई. सगळेच्या सगळे." आणि वर येऊन पटरसकट मला मिठी मारली.
मग अप्पा म्हणाले, "परत."
परत मारले. चार गेले.

जेवताना तिच्याकडे बघवेना. ती हाताची वही करून बोटाने रेघ मारत होती, मनगट कुठे वळतं ते शोधत. कुठेच वळत नाही ते.

उताराचं सांगायचं. आधी तिला, मग अप्पांना. तिचा दोरा सोडून माझ्या रेषेत बांधायचा. रविवारी ती जिंकली तर पटर पुण्याला जाईल. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या हे आत्ताच आठवल्यासारखं करून मागे फिरता येणार नाही.
वर आधी "शनिवारी सांगायचं" लिहिलं होतं, ते खोडलं आहे. शनिवारी सांगितलं तर हात सरळ करायला तिला वेळच उरत नाही, आणि ते ठाऊक असूनच शनिवार लिहिला होता.
म्हणून उद्याच, शुक्रवार, ६ फेब्रुवारी. सकाळी, तिने पहिला चेंडू मारायच्या आत.