आडनाव कोणत्या पानावर

२८ नोव्हें. शिरूर
मी पाठवलेली तिन्ही पुस्तकं आप्पांनी मांडवगणाहून परत पाठवली. पानिपतला निघायला दीड महिना, आणि आमच्या वडिलांची लढायांची पुस्तकं निवडायची रीत ठरलेली: मागून उघडायचं, नामसूचीत कुणाकडून तरी आपलं आडनाव शोधून घ्यायचं, नसलं की मिटायचं. लेखक गेला खड्ड्यात. लग्नपत्रिकेत नाव नसलं तर जेवायला न जाणारी माणसं आम्ही.
घराण्यात एक ‘पानिपतचे बाबा’ आहेत. गेले ते आलेच नाहीत. संक्रांतीला त्यांचं पान वाढल्याशिवाय कुणाच्या हातावर तिळगूळ पडत नाही. आप्पांना रणांगणावर उभं राहून त्यांचं छापील नाव ऐकायचंय. वय ८१, डोळे अधू. वाचणार मी.

३ डिसें.
केडगावला शेखसरांकडे. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बसायच्या खुर्चीवरही पुस्तकं.
“कुठलं देऊ ताई? तोफांचं, रसदीचं, का रडायचं?”
म्हटलं, ज्यात आमचे बाबा मेलेत ते.
“तुम्हा मांडवगणकरांसाठी आता नुसत्या सूच्याच फाडून ठेवतो.”
रसदीचं जाडजूड घेतलं. उपाशी फौज वाचताना साबुदाण्याची खिचडी. दोनदा वाढून घेतली. लाज वगैरे.

९ डिसें.
सापडले! परिशिष्टात एक पत्र. नाव तेच, आडनाव तेच, गाव आमचंच. तारीख मात्र लढाईनंतरची. मुक्काम ग्वाल्हेर. बाबा ठणठणीत. घोडं पडलं, दुसरं द्या, म्हणताहेत.
मग आम्ही इतक्या पिढ्या पान कुणाला…

१० डिसें.
शेखसरांना फोन. “एका नावाची दोन माणसं असतात की. पण मला विचाराल तर तोच हाय.” मास्तर निवृत्त होतात, त्यांची लाल शाई नाही.
धाकटा भाऊ म्हणतो, “दुसरंच कायतरी वाच. आप्पांना काय दिसतंय?” सोपं आहे. मला का जमत नाहीये?

१४ डिसें. मांडवगण
“घावलं का गं पुस्तक?”
घावलं.
“नाव हाय?”
हाय.
पुढचं ऐकायला आप्पा थांबलेच नाहीत, सोट्यासकट चावडीकडे. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स: ‘पानिपतवीराचे वंशज, मोहिमेस शुभेच्छा’. शुभेच्छुक अकरा, गॉगलवाले चार. आता सांगणार कसं? परत येताना गाडीत दोनदा चष्मा शोधला. डोळ्यावरच होता.

११ जाने. दौंड स्टेशन
गाडी तास-दीड तास लेट. पिशवीत दोन पुस्तकं, एक नावाचं, एक बिननावाचं.
“गाडी येस्तोवर वाच की.”
म्हटलं, तिथं वाचू.
“तिथं लोकं असत्यात. मला आधी एकट्याला ऐकायचंय.”
हात गेला तो नावाच्या पुस्तकाकडे. अख्खं पत्र वाचलं, घोड्यासकट.
आप्पा रुळांकडे बघत बसले. चहा घेतला नाही. मग,
“जित्ता व्हता म्हन की.”
हो.
“मग घरी का न्हाई आला?”
हे कुठल्याच सूचीत नाही.
आत्ता, मी हे लिहितेय तेवढ्यात: “ग्वाल्हेर वाटंत लागतं का गं?”
लागतं, पण आपलं तिकीट पानिपतचं आहे, आप्पा.
“तिकिटाचं कोन इचारतंय? गाडी थांबती का तेवढं सांग.”