पिंपळपानाचा ॲपल पाय

१० डिसेंबर
निकिता २४ ला येतेय. कॅनडाहून, तीन वर्षांनी. हिंजवडीच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केलीय. हो की नाही, ते इथे आल्यावर सांगते म्हणाली. फोनवर सहज बोलून गेली की तिकडे नाताळच्या सुट्टीत घरोघरी ॲपल पाय असतो, आत सफरचंदाचं सारण, वरून पिठाची नक्षी. मला मुद्दा कळला. तिथलं सगळं खडकीत मिळालं तर पोरगी परत कशाला जाईल? पाय मी करणार. फॅक्टरीत सारं आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलं, भल्याभल्यांचा माल रिजेक्ट केलाय.
ललिताला सांगितलं, शेवटी आई आहे निकिताची. ती ओटा पुसत राहिली.

११ डिसेंबर
व्हिडिओ पाहिला. नवशिक्यांसाठी सोप्या डिझाइन्स. काट्याचे ठसे, वेणी, जाळी, पानं. ठसे आणि वेणी बालिश. मी एकदम जाळी करणार, वर पान.

१३ डिसेंबर
सदाशिव पेठेत भांड्यांच्या दुकानात गेलो. काठाला चुण्या असलेलं उथळ भांडं मागितलं. दुकानदारानं विचारलं की खायला करायचंय की भिंतीवर लावायचंय. पैसे मोजून ठेवले. घरी आल्यावर कळलं, भांड्याचा तळ सुटा आहे. इंपोर्टेड असावं.

१५ डिसेंबर, सकाळी
पहिली ट्रायल. व्हिडिओतली बाई म्हणते, पीठ मळू नका, नुसतं गोळा करा. न मळता पीठ? हिला घरी कुणी काही शिकवलं नसावं. मी चांगलं रगडून मळलं, ओलं फडकं टाकून ठेवलं. पट्ट्या व्हर्नियरनं मोजून कापल्या. एक वरून, एक खालून असं विणत होतो, तेवढ्यात ललितानं चहा घेणार का विचारलं. कोण वर, कोण खाली, सगळं विसरलो. चूक ललिताची.

संध्याकाळी
ओव्हन नाही, म्हणून कुकरमध्ये मीठ घालून भाजला. जाळी आत बुडाली. वरून काहीच दिसत नाही. चव उत्तम असणार. खाल्ला नाही.

१८ डिसेंबर
ललिता म्हणाली की करंजीला घालतो तशी मुरड काठाला घातली तर छानही दिसेल आणि रसही बाहेर येणार नाही. मी म्हटलं, ही दिवाळी नाही. रागावली. मीही रागावलो. चहा स्वतःच केला. साखर सापडली नाही.

२० डिसेंबर
पानाचा प्रश्न. व्हिडिओत मेपलचं पान आहे. अशक्य! मुलीला इथे ठेवायचं आणि ताटात कॅनडाचा झेंडा? आमच्याकडे बुद्धांच्या मूर्तीशेजारी दीक्षाभूमीवरून आणलेलं पिंपळाचं पान आहे. तेच कागदावर गिरवलं, लांब शेपटीसकट. लहानपणी निकिता रोज ते पुसायची. बघताक्षणी समजेल. मला वेगळं बोलावं लागणार नाही. तसंही मला ते जमत नाही.

२२ डिसेंबर
आणखी एक ट्रायल. बोलण्यासारखं नाही. त्यात शेजारचे रविराज जिन्यात अडवून विचारतात की घरात कुणी आजारी आहे का, रोज सफरचंदं येताना दिसतात. लोकांना कामं नाहीत.

२४ डिसेंबर, दुपारी
फायनल. स्वतःच म्हणतो, सुंदर. जाळी सरळ, मधोमध पिंपळपान. नानकटाई भाजून देणाऱ्या बेकरीत नेला. बेकरीवाल्यानं विचारलं की वरून अंडं लावलंय का, भट्टी एगलेस आहे. दूध लावलंय, म्हटलं. दोनशे डिग्रीवर ठेवा, असं बजावलं. तो म्हणाला की ते भट्टीलाच सांगा.
येताना स्पीडब्रेकरवर सुट्या तळानं उडी मारली. पान तडकलं. थोडंसंच. बघणाऱ्याला कळणार नाही. संध्याकाळी एअरपोर्ट.

२५ डिसेंबर
सकाळी पाय समोर ठेवला. निकिता ओरडलीच. म्हणाली की पप्पा, मेपलचं पान किती हुबेहूब काढलंय! तडकून पानाला चहूकडून टोकं आली होती. शेपटी गळून गेली होती.
मी सांगणारच होतो. पण तिचे डोळे भरून आले. म्हणाली की हिंजवडीला तिनं निघण्याआधीच नकार कळवलाय. मला कसं सांगायचं याची धास्ती घेऊन विमानात बसली होती. पान बघितलं आणि समजलं, पप्पांनी आधीच परवानगी दिलीय. मिठी मारली. शेवटची मिठी कधी मारली होती, आठवत नाही. मग पिंपळाचं नाव कसं काढणार? हो म्हटलं. मेपलच आहे, म्हटलं.
पुढच्या नाताळला तुम्ही दोघं या, असं म्हणाली. तिकडे आमच्या घरी मोठा ओव्हन आहे.
आमच्या घरी म्हणाली. फार वाईट वाटलं.
ललिता लगेच पासपोर्ट शोधायला उठली. मी जाळीची एक पट्टी तोडून तोंडात टाकली. दाताला लागण्याइतकी कडक. पीठ इतकं मळायला नको होतं.